दारातला उजेड

मी शिवणाच्या टेबलावरची लाकडी पट्टी बोलतेय. मी घाबरले आहे.

वीस वर्षांपूर्वी एका सुताराने मला घासूनपुसून बाईंच्या हाती दिलं. बाई शर्ट, फ्रॉक, पडदे शिवतात. माझे आकडे पुसट झाले, तरी त्यांनी मला बदललं नाही. नव्या पट्ट्यांवर त्यांचा भरवसाच नाही!

मग एका वर्षी खाज सुटली की त्या मला पाठीवर फिरवू लागल्या. आधी अधूनमधून, मग दिवसभर. "नव्या कापडाची खळ बाधतेय," म्हणायच्या. कापडावर खापर फोडून मोकळ्या! एकदा माझ्या कडेला रक्त लागलं, तेव्हा माझीच मला किळस आली.

शेवटी मुलीने त्यांना दवाखान्यात नेलं. घरी आल्यावर तिने आईला पुन्हा सगळं समजावलं, ते मी ऐकलं. यकृतातलं पित्त वाहून नेणाऱ्या नळ्या सुजून अरुंद झाल्यात. पित्त आत तुंबतं, यकृत हळूहळू खराब होतं. दुखणं कायमचं. भिंतीवर कागद लागला: खाजेची पावडर घेतली की बाकीच्या गोळ्या चार तासांनी. ठरल्या तारखेला रक्ततपासणी. आणि खाली लाल अक्षरांत, थंडी वाजून ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना.

बाईंनी सगळं पाळलं, ती शेवटची ओळ सोडून.

परवा आखताना त्या थंडीने कुडकुडत होत्या. बोटं चटका बसावा इतकी गरम. "एवढे पडदे होऊ देत," त्या मलाच म्हणाल्या. पिवळ्या दिव्याखालून हलेनात. मला ओरडावंसं वाटलं, पण लाकडाला कुठलं तोंड!

मुलगी आली. आईकडे बघत राहिली. मग रीळ उचलून दाराशी गेली. "आई, हा दोरा जुळतोय का बघ गं."

दिव्याखाली रंग फसवतो, म्हणून बाई दोरा नेहमी दारात जुळवतात. वीस वर्षांची सवय. त्या मला हातात घेऊनच उठल्या. त्यांनी दारात मान वर केली आणि मुलीला त्यांचे पिवळे झालेले डोळे दिसले.

"थंडी कधीपासून वाजतेय?"

"सकाळपासून. पडदे राहिलेत गं."

"राहू देत. चल."

मी उंबऱ्यापाशी पडले, ती अजून तिथेच आहे. काल मुलगी आईचे कपडे दवाखान्यात न्यायला आली, तेव्हा फोनवर सांगत होती, "नळी मोकळी केलीय, पण ताप उतरत नाहीये." मला ओलांडून गेली.

तुमच्या घरी कुणी असं दुखणं अंगावर काढत दिव्याखाली बसून असेल, तर काहीही निमित्त काढा, पण त्यांना दारात बोलवा.

बाई, तुम्ही या. मला पुन्हा पाठीवर ओढा, मी कुरकुरणार नाही.