दोन वाजताचा आकडा

"देवकाबाई, यापुढे पेटीला कान लावायचा नाही," साहेबानं बजावलं. "माश्या बिथरतात. फक्त काटा बघायचा."

सत्त्याऐंशीचा उन्हाळा. मधमाश्याईच्या खात्याचे साहेब पोंभुर्ण्याहून जीपनं आले अन् माह्या मधपेटीत तार सोडून देल्ली. तारीच्या टोकाले मिऱ्याएवढा मणी, तो म्हणे गर्मी ओळखते. दुसरं टोक वसरीतल्या सेलवर चालनाऱ्या काट्याच्या डब्याले. काटा पस्तीसावर असला का माश्या खुशाल. वर चढला का पेटीवर ओला बोरा, म्हंजे गोनपाट, टाकाचा. दोन वाजता आकडा कागदावर मांडाचा. बस.

पेटी एकच होती. माहा नवरा पत्रू, त्यानं मोहाच्या ढोलीतून त्या माश्या काढून आनल्या अन् दोन महिन्यांत गेला. त्याच्या हातचं जितं असं घरात तेवढंच राह्यलं होतं. त्या माश्याईले काई होऊ नये म्हून साहेबाले हो म्हटलं.

मे महिन्यात पहाटंच तेंदूपत्ता तोडाले जाव लागे. दहा वाजता भारा घेऊन येव, पाय नुसते भाजून निघत. पानी प्याच्या आधी काटा पाहाव. अडतीस! मंग धाव नाल्यावर, बोरा भिजव, मागच्या बाजूनं टाक. छत्तीस होये, मंग पस्तीस. तवा कुठी जीव भांड्यात पडे. कान लावाले मन लय होये, पन म्हटलं, नोको बाई, शिकलेल्या मानसाले जास्त समजते. अन् सकाळ-सांज मी पत्त्याच्या कामात, भर उन्हात माश्या फारशा बाहेर निघत नाईत, मले काय दिसनार कप्पाळ!

असे वीस दिवस काढले. कंबर गेली माही, पन आकडा हालू देल्ला नाई.

साहेब आले, कागद पाहून हरखले. "वा! इतक्या धडधाकट माश्या कुठंच नाहीत."

झाकन काढलं तं आत एक माशी नाई. पोळ्याले किड्यानं जाळं धरलेलं. पंधरा दिवस तरी झाले असतील उडून, साहेब हळूच म्हणाले.

पंधरा दिवस मी मणी थंडा करून राह्यली होती! एक डाव कान लावला असता तं त्याच दिवशी समजलं असतं. त्याईच्या मागं गेली असती, कोन्या ना कोन्या झाडावर बसल्याच असत्या. रडूबी येईना.

साहेब कागद उलटपालट करत होते. "पण मग हे पस्तीस कोणाचे?"

"नाल्याच्या पान्याचे हायेत, साहेब," म्हटलं. "अन् माह्या कमरेचे."