बावीस तास झोपलेल्या माश्या

प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं परिचर होते. दुधाच्या बाटलीत केळं कुस्करायचं, आत फळमाश्या सोडायच्या, तोंडाला कापसाचा बोळा. आमचे जुने सर एकेक बाटली उजेडात धरून बघायचे. माश्या मेल्या तर चेहरा पडायचा त्यांचा.

आता तिथे हेमराज सर. भर मे महिन्यात कोट घालतात. माझी नात रूपाली त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करते. माशीच्या मेंदूत एक प्रथिन असतं. ते पेशींतून पोटॅशियम बाहेर जाऊ देतं, पेशी शांत होतात, माशी झोपते. त्याचं जनुक बिघडलं की माशीची झोप उडते. अशा माश्यांना तळोद्याकडच्या मोहफुलांच्या अर्काने झोप लागते, असा सरांचा शोध. रूपालीने तो पीएच.डी.च्या समितीपुढे मांडायचा होता. नाहीतर तिचं वर्ष वाया.

आदल्या दिवशी मी तिला डबा द्यायला गेले. यंत्रात काचेच्या बारीक नळ्या, प्रत्येकीत एक माशी, मधोमध न दिसणारा किरण. पाच मिनिटं माशीने तो ओलांडला नाही, की संगणक लिहितो, झोपली.

"बावीस तास झोप, निर्मलाबाई!" सर म्हणाले. "तुमच्या काळात होतं असं यंत्र?"

"नव्हतं. डोळ्यांवर भागवायचो."

मी नळी काढून टिचकी मारली. मग दुसरीला. अर्क मिसळून खाद्य पातळ झालेलं, माशी त्यात रुतलेली.

"रूपा, ह्या तर मरी गयात वं!"

"गाढ झोप आहे ती," सर म्हणाले.

"तुमच्या तासाला पोरं झोपतात, ती घंटा झाली की उठतात. ह्यांना वाजवून बघा."

सर रूपालीकडे वळले. "आलेख सुंदर आलाय. नळ्या फेकून दे."

रूपालीने नळ्या पांढऱ्या कागदावर झटकल्या. भिंगातून एकेक माशी पाहिली. एकीचाही पाय हलला नाही.

दुसऱ्या दिवशी समितीपुढे तिने माश्या मेल्याचंच सांगितलं. सर उठून म्हणाले, "विद्यार्थिनीचा निष्काळजीपणा."

"खाद्य मीच ओतलं," ती म्हणाली. "पण मेलेल्यांना झोपलेल्या म्हणणार नाही."

वर्ष गेलं. समितीतल्या एकानेही सरांना विचारलं नाही, तुम्ही नळीत डोकावलात का? तेही नुसता आलेख बघणारे.

रूपाली बाहेर आली, ओढणी खोचली आणि घट्ट व्हावं म्हणून अगर-अगरची पूड जास्त घालून नवं खाद्य शिजवायला ठेवलं.