चार बोटं आखूड

हेमाली पडदे विकायची, तेही इंटरनेटवर. भिवंडीतल्या लूमचं कापड घ्यायचं, पुढच्या खोलीत मैनाकडून शिवून घ्यायचं, फोटो काढून साइटवर टाकायचे. २००७ साल होतं. हात न लावता लोक कापड घेतात याचं तिच्या नवऱ्याला, भावेशला, अजून नवल वाटायचं. हेमालीला त्रास होता तो परत येणाऱ्या पार्सलांचा. त्याच आठवड्यात एका बाईने नवा पडदा ठेवून घेऊन त्याच रंगाचा जुना परत पाठवला होता.

त्यात पडघ्याच्या अनंता भोईरांचं पार्सल परत आलं. भोईर एसटीतून निवृत्त झालेले. नाक्यावरच्या सायबर कॅफेत बसून ऑर्डर द्यायचे. पाठोपाठ त्यांचा फोन आला.

"ताई, परदा आखूड हाय. चांगला चार बोटं. पैसे नकोत, दुसरा धाडा."

हेमालीने पडदा उलगडला. खालची शिवण पूर्ण उसवलेली होती.

"काका, शिवण कोणी उसवली?"

"मीच. म्हटलं, दुमडीत कापड असंल तर सोडून लांबी मिळंल."

"आणि खालून कापलात किती?"

"कापला न्हाय."

"कडा कात्रीची आहे. मला समोर दिसतेय."

पलीकडचा आवाज खाली आला. "न्हाय बा. मना तरी आठवत न्हाय."

हेमालीला तेवढं पुरे झालं. शिवण्याआधी प्रत्येक पडदा कात्रीनेच कापला जातो, दुमडीच्या आत कडा तशीच असणार, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण त्या दिवशी तिला ते आठवायचं नव्हतं. तिने कडेचा फोटो त्यांना मेल केला, पडदा तसाच परत धाडला. तेव्हा साइटवर विकणाऱ्यालाही घेणाऱ्याबद्दल शेरा लिहिता यायचा. तिने लिहिलं, 'माल कापून परत करतात. यांच्याशी व्यवहार करू नये.' लिहून झाल्यावर तिला बरंसुद्धा वाटलं.

गणपतीच्या आधी तिने त्याच ताग्यातला एक पडदा स्वतःच्या बैठकीत लावला. पडद्याच्या खाली चार बोटं उजेड उरला. हेमाली स्टुलावर तशीच उभी राहिली. मग उतरून तिने उरलेले सगळे पडदे मोजायला घेतले. एकूण एक आखूड.

"मैना, तू मापलेस कसे?"

"टेबलावरच्या खुणेनं, ताई. नवीन टेबल आलं तवा खूण तुम्हीच मारलीत."

खूण तिनेच मारली होती, जुन्या टेपने. खणातून तिने तो टेप काढला. त्याचं टोक तुटलेलं होतं आणि आकडे तीन इंचांपासून सुरू होत होते.

बाकी गिऱ्हाइकांनी तक्रार केली नव्हती. कोणी दांडी खाली घेतली असेल, कोणी चालवून घेतलं असेल. भावेश म्हणाला, "पैसे पाठवून दे, विषय संपव." तिने सगळ्यांनाच कळवलं, ज्यांनी मागितले त्यांना पैसे दिले. भोईरांवरचा शेरा काढा म्हणून साइटला लिहिलं. उत्तर आलं, दिलेला शेरा काढता येत नाही. तेव्हा तिने त्यांना फोन लावला. सुनेने उचलला, करिष्माने.

"बाबा फोन नाही घेत हल्ली," ती म्हणाली, आणि ठेवला.

दुसऱ्या दिवशी हेमाली नवा पडदा घेऊन पडघ्याला गेली. भोईर ओटीवर बसले होते. तिने नाव सांगताच ते उठून उभे राहिले, साहेबापुढे उभं राहावं तसे.

"ताई, झाली चूक माझी. कापला असंल मीच. तुमचा फोटो छापून घरी आणला, तर सून बोलली, फोटोत दिसतंय. आता माझं डोकं बरोबर चालत न्हाय."

या माणसाला हेमालीने खोटारडं ठरवलं होतं. पण ते खोटं बोलत नव्हते, आणि आता स्वतःलाच वेडं समजत होते.

"काका, तुम्ही नाही कापला. सगळेच पडदे आखूड होते. माप मी चुकीचं घेतलं."

"म्हंजे मी कापलाच न्हाय?"

"नाही."

"करिष्मा!" त्यांनी एवढ्या जोरात हाक मारली की शेजारची बाई दारात आली. "हिच्यासमोर बोला, ताई. मना बोललात तेच."

करिष्मा हात पुसत बाहेर आली. हेमालीने पुन्हा सांगितलं, शेजारणीलाही ऐकू जाईल असं. करिष्मा खाली बघत म्हणाली, "तो फोटो बघून आम्ही त्यांचं बँकेचं कार्ड काढून घेतलं. एकटं नाक्यावर जाऊ देत नाही." मग जरा तडकून, "पण त्याच्या आधी यांच्या हातून गॅस चालू राहिला होता, तो राहिलाच होता. मी तरी काय समजायचं?"

"तुमची चूक नाही," हेमाली म्हणाली. मग ती भोईरांकडे वळली. माफ करा म्हणाली तेव्हा भोईर घाईघाईने म्हणाले, "आवो, त्यात काय! तुम्ही आलात हेच लय झालं." ते रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं.

चहा झाला. ती निघाली तसे भोईर चपला शोधू लागले. "बस कुठं थांबते तुम्हाला न्हाय समजणार. मी सोडतो."

"एकटे कसे परत याल?" करिष्माच्या तोंडून निघालं. भोईर एक चप्पल पायात, एक हातात, असे थांबले. करिष्माने हेमालीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"जा," ती म्हणाली. "येताना कोथिंबीर आणा."