चार मिनिटांची भरती

"हे हँग झालं का, सर?"

सानिकाने बाणाची कळ दोनदा दाबली आणि पडद्यावरची होडी वाळूत रुतून कलंडली. चौकोनी ठिपक्यांची होडी, तिच्यावरचे तीन ठिपक्यांचे खलाशी, सगळं निळ्या पाण्यात नाहीसं झालं. ‘पुन्हा खेळा’ अशी पाटी आली.

"हँग नाही," विनीत म्हणाला. "तुम्ही थांबला नाहीत."

"किती थांबायचं असतं?"

"चार मिनिटं."

सानिका हसली. मग तो हसत नाही असं पाहून तिने हसू आवरलं.

मे महिन्याची सुट्टी होती. कॉलेजची कंप्युटर लॅब रिकामी होती आणि पंख्याखाली दोघंच बसली होती. विनीत शिवलकर या लॅबमध्ये बावीस वर्षं परिचर होता. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढायचा, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलायच्या, परीक्षेच्या दिवशी बंद पडलेलं मशीन पाच मिनिटांत चालू करून द्यायचं, हे त्याचं काम. मुलं त्याला विनीतदादा म्हणत, प्राध्यापक नुसतं शिवलकर म्हणत. ‘सर’ म्हणणारी ही पुण्याची मुलगी पहिलीच. प्रत्येक वेळी तिने सर म्हटलं की आपल्या मागे कुणी येऊन उभं आहे का, असं त्याला वाटे.

ती निलेशच्या कंपनीतून आली होती. निलेश आणि विनीत इथल्याच तंत्रनिकेतनात एका वर्गात होते. निलेशचे वडील पोफळीला वीजकेंद्रात, त्यामुळे पैशाची ओढाताण नव्हती आणि भाड्याच्या खोलीत त्याच्याकडे स्वतःचा कंप्युटर होता. दोन हजार एक साली त्या खोलीत आठ महिने बसून दोघांनी ‘पडाव’, म्हणजे होडी, या नावाचा खेळ तयार केला. होडी घेऊन खाडीतून बाहेर पडायचं, खडक चुकवत मासे धरायचे आणि पुन्हा खाडीत परत यायचं. चित्रं निलेशची. समुद्र मात्र सगळा विनीतचा. लाट कशी उठेल, वारा फिरला की होडी कुठे सरकेल, भरती-ओहोटीला किती पाणी, हे त्याने वहीत गणितं मांडून बसवलं होतं.

मुंबईच्या एका मासिकाने तो खेळ सीडीवर घालून वाटला. सीडीवर नाव आलं ते एकट्या निलेशचं. "छापताना घोळ केला रे त्यांनी," निलेश म्हणाला होता. विनीत "असू दे" म्हणाला. निलेश मग मुंबईला गेला, पुण्याला गेला, त्याने कंपनी काढली. विनीतला आईला एकटं टाकून जाता येईना, आणि आई खाडीकाठचं भाट्ये गाव सोडून यायला तयार नव्हती. पुढे दोघांच्यात दिवाळीचा एक मेसेज तेवढा उरला.

आता चाळिशीला आलेल्या कुणाकुणाला तो खेळ आठवू लागला होता. निलेशच्या कंपनीने सीडीवरचा खेळ बघून तो नव्या रूपात बराचसा तयार केला, पण समुद्राच्या मूळ गणितापाशी अडलं तेव्हा कळलं की मूळ फाइली त्याच्याकडे नाहीतच. घरं बदलताना कुठेतरी गेल्या. विनीतकडे सगळं होतं. फ्लॉप्या, सीड्या, दोन जुन्या हार्ड डिस्क, आणि गणितांची वहीसुद्धा.

"नवं कसं झालंय ते दाखवते," म्हणून सानिकाने आपला लॅपटॉप उघडला.

विनीत पुढे झुकला. पाणी खरंखुरं होतं. लाट फुटली की फेस पसरत होता, फेस ओसरला की ओली वाळू चमकत होती. किनाऱ्यावरचा काळा कातळसुद्धा ओळखू आला. त्याने नकळत खुर्ची जवळ ओढली.

"पाणी मस्त झालंय," तो म्हणाला आणि त्याला ते मनापासून वाटलं.

होडी परत फिरली, खाडीच्या मुखाशी आली. समोर वाळूचा दांडा, ओहोटीला होडी अडवणारा. पडद्यावर अक्षरं उमटली, ‘भरती येत आहे’. विनीतने मनातल्या मनात मोजायला घेतलं. पाचपर्यंत मोजून होतं न होतं, तोच पाणी चढलं आणि होडी झुळकन आत गेली.

"एवढ्यात?"

"सर, आधी चार मिनिटं ठेवूनच आम्ही वीस जणांना खेळायला दिलं होतं. एकोणीस जणांनी इथेच बंद केलं. त्यांना वाटलं, बिघडलंय."

"मग जुनं परत काढता कशाला? नवंच करा की काहीतरी."

"लोकांना त्यांचं लहानपण परत हवंय, सर."

"लहानपणी ते थांबलेच होते ना?"

सानिकाने लॅपटॉप जरा बाजूला सरकवला. तिने बॅगेतून कागद काढून त्याच्यापुढे ठेवले. फाइली देण्याची संमती, आणि खेळाच्या सुरुवातीला यायच्या नावांची यादी. यादीत पहिलंच नाव होतं : विनीत आनंदा शिवलकर. चोवीस वर्षांनी आलेलं ते नाव त्याने दोनदा वाचलं. वडिलांचं नाव मधे पाहून त्याचा हात पेनाकडे गेला, आणि तिथेच राहिला.

"निलेशला फोन लावा," तो म्हणाला.

निलेशने पहिल्या रिंगलाच उचलला. "विन्या! किती वर्षांनी आवाज ऐकतोय तुझा! केलीस ना सही?"

"चार मिनिटं ठेव, निल्या."

"अरे बाबा, हल्ली लोक चार सेकंद थांबत नाहीत. खेळ विकायचाय आपल्याला. दोन वर्षं लोक राबलेत त्याच्यावर."

"ठीक आहे. मग माझं नाव काढ. पहिल्यांदाही नव्हतंच. फाइली घेऊन जा, त्या मी अडवत नाही."

 मग निलेश हळू आवाजात म्हणाला, "तू अजून ते मनात धरून आहेस?"

"नावाचं नाय रे ते." विनीत उठून खिडकीपाशी गेला. सानिका आपल्या लॅपटॉपकडे पाहू लागली. पण लॅब रिकामी होती, ऐकू न येण्यासारखं काही नव्हतं. "माझा बापूस त्या दांड्यावर गेला. मी चौदा वर्षांचा होतो. जन्मभर बाहेर थांबून, भरती बघून आत येणारा माणूस. त्या दिवशी नाय थांबला. कसली घाई होती, कुणालाच कळलं नाय. बरोबरचे दोघे पोहून आले."

"मला वाटायचं, तुझे बाबा आजारपणात गेले."

"तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाय."

"आठ महिने एका खोलीत होतो आपण, विन्या."

"व्हय. होतो."

 शेवटी निलेश म्हणाला, "बघतो काय करता येतं ते. सानिकाला दे."

फाइली नव्या डिस्कवर उतरायला तासभर लागला. सानिका मधेच म्हणाली, "तुमचे बाबा असे बाहेर थांबायचे तेव्हा घरचे वाट बघत असतील ना, सर?"

"बघायचे की," विनीत म्हणाला. त्याने सही केली आणि तिला स्टँडपर्यंत सोडून आला.

घरी जाताना भाट्याच्या पुलावर त्याने स्कूटर कडेला घेतली. ओहोटी होती. मुखाशी वाळू उघडी पडली होती आणि पलीकडे तीन होड्या नांगर टाकून उभ्या होत्या. आईला खेळ दाखवला होता ते त्याला आठवलं. निलेशचा कंप्युटर रिक्षात घालून एका रविवारी घरी आणला होता. शेजारचे, पाजारचे, सगळे गोळा झाले. होडी मुखाशी येऊन थांबली तसं एकेकजण विचारू लागलं, बंद पडलं काय रे? वीज गेली काय?

आई, मथुरा तिचं नाव, दारातून बघत होती. तिचे हात ओले होते. तिने काही विचारलं नाही. कुणीतरी कळ दाबायला हात पुढे केला तशी म्हणाली, "हात नको लावू. पाणी नाय चढलं अजून. थांबू दे त्येला."

चार मिनिटं ती पदराला हात पुसत तिथेच उभी राहिली. पाणी चढलं, होडी आत आली, ठिपक्यांचे तिन्ही खलाशी किनाऱ्याला लागले. मग ती चुलीकडे वळली. त्या खेळाबद्दल ती पुन्हा कधीही बोलली नाही, आणि दाखवही म्हणाली नाही. बारा हजार सीड्या वाटल्या गेल्या होत्या म्हणे. खेळ कळलेलं माणूस विनीतला एकच भेटलं, आणि तेही दोन वर्षांपूर्वी गेलं. आता घरी जाऊन कुलूप काढायचं, दिवा लावायचा आणि कुकरला एक वाटी तांदूळ लावायचा.

जानेवारीत सानिकाची मेल आली. खेळ प्रसिद्ध झाला होता. चार मिनिटं ठेवली होती. ज्याला थांबायचं नसेल त्याच्यासाठी कोपऱ्यात ‘पुढे चला’ असं बटण दिलं होतं. निलेश सरांनी स्वतः भांडून हे करून घेतलं, असं तिने लिहिलं होतं. बहुतेक लोक बटणच दाबतात, हेही तिने प्रामाणिकपणे लिहिलं होतं. आणि शेवटी : ‘तुमच्यासाठी एक छोटीशी गोष्ट टाकली आहे. बघा आणि कळवा.’

शनिवारी दुपारी वर्ग सुटल्यावर विनीतने लॅबच्या एका नव्या मशीनवर खेळ उघडला. काळ्या पडद्यावर आधी त्याचं नाव आलं, मग निलेशचं. वाचून होईपर्यंत ते राहिलं आणि गेलं. त्याने होडी बाहेर काढली. चुकत माकत मासे धरले, एका खडकाला घासला, कारण खडक आता खऱ्यासारखे पाण्याखाली लपलेले होते. होडी वळवून तो मुखाशी आला आणि हात मांडीवर ठेवून बसला. कोपऱ्यातल्या बटणाकडे त्याने पाहिलं नाही.

पहिल्या मिनिटात नुसतं पाणी होतं. होडी जागच्या जागी हलत होती आणि ते हलणं बरोबर होतं. त्याच्या वहीतलं गणित त्यांनी जसंच्या तसं उचललं होतं. वारा जरा फिरला. दुसऱ्या मिनिटाला ढग बाजूला झाले, किनाऱ्यावर ऊन पडलं, आणि तिथे एक बाई उभी असलेली दिसली.

फिक्या रंगाचं लुगडं, कपाळावर आडवा हात. ती होडीकडे बघत होती. वाऱ्याने तिचा पदर हलत होता.

विनीतने खुर्ची जवळ ओढली. मग लक्षात आलं, ही त्यांनी आपली आई म्हणून उभी केली आहे.

आई कधीही किनाऱ्यावर उभी राहिली नव्हती. वडील समुद्रावर असले की ती मागच्या अंगणात विळी घेऊन बसायची, पाठ समुद्राकडे करून. होड्या दिसल्या का, असं मुलांनी विचारलेलंही तिला चालायचं नाही. होड्या आल्याचं शेजारच्या कमळाकाकू कुंपणावरून सांगायच्या, तेव्हा कुठे ती उठायची. शेवटच्या दिवशीही कमळाकाकूच आल्या, पण कुंपणापाशी न थांबता आत आल्या. त्या काही बोलायच्या आधीच आईने विळी आडवी करून ठेवली होती. तिचं वाट बघणं असं होतं. ते कुणाला दिसण्यासारखं नव्हतं, आणि त्याने कुणाला सांगितलंही नव्हतं. मुलीने विचारलं तेव्हा तो "बघायचे की" एवढंच म्हणाला होता. पुण्यात बसून तिने त्या दोन शब्दांतून ही बाई उभी केली होती.

त्याने फोन काढला आणि सानिकाला लिहायला घेतलं. ‘ती बाई काढता येईल का? माझी आई कधी...’ एवढं लिहून थांबला. खेळाखाली लोकांनी लिहिलेलं त्याने सकाळीच वाचलं होतं, पण कुठली बाई ते तेव्हा कळलं नव्हतं. मालवणच्या कुणीतरी लिहिलं होतं, किनाऱ्यावरच्या बाईला बघून फोन उचलला आणि गावी आईशी बोललो. दुबईहून एकाने लिहिलं होतं, मी बटण दाबलं नाही, तिच्याकडे बघत बसलो.

विनीतने लिहिलेलं पुसलं. त्याऐवजी ‘पाणी छान झालंय. आभारी आहे,’ असं लिहून पाठवलं आणि फोन पालथा ठेवला.

पडद्यावर पाणी वाळूवर चढू लागलं होतं. आधी एक जीभ, मग दुसरी; दांडा हळूहळू बुडाला. चार मिनिटं झाली. त्याने आणखी थोडा वेळ जाऊ दिला, आणि मग बाणाची कळ दाबली. होडी कुठे न घासता आत आली.

जुन्या खेळात किनारा मोकळा असायचा. होडी कुठेही लावली तरी खेळ संपायचा. विनीतने ती सरळ जवळच्या वाळूवर लावली नाही. काठाकाठाने वळवत, ती बाई उभी होती तिथपर्यंत नेली. कुणाची का असेना, बिचारी केव्हाची उभी होती.