लुचियाबायचं शेवटचं गाणं

हेमंतातलं उतरतं ऊन उत्तनच्या किनाऱ्यावर, बांबूंना टांगलेल्या बोंबलांच्या रांगांवर रेंगाळत असे, तेव्हा लुचियाबायचा स्वर कानी येई. किंचित घोगरा, खारा, ओल्या वाळूत पाऊल रुतावं तसा एकेका शब्दात रुतत जाणारा.

ती मूळची इटलीची. तारुण्यात स्वतःच गाणी रचायची, स्वतःच गायची. त्यांतल्या एका गाण्यानं तिला तिथल्या रेडिओवर, दिव्यांनी झगमगणाऱ्या रंगमंचांवर नेलं. पुढे ऐकणाऱ्यांची आवड पालटली, सभागृहं ओस पडत गेली, आणि पोटासाठी ती प्रवासी जहाजावर गाऊ लागली. त्याच जहाजाच्या भटारखान्यात आमचे शेजारी पास्कूकाका होते. त्यांच्याशी लग्न करून ती उत्तनला आली, ती कायमचीच. आमची बोली शिकली, त्या बोलीत गाणी बांधली. चर्चमध्ये आम्हा मुलींना सूर लावायला तिनंच शिकवलं, आणि लग्नघरी बायका तिचीच गाणी म्हणू लागल्या.

मग शिशिरातल्या पानगळीसारखी तिची स्मृती झडू लागली. आधी माणसांची नावं गेली, मग आमची बोली. उरली ती केवळ बालपणीची भाषा. काकांकडे ती अनोळखी पाहुण्याकडे पाहावं तशा सौजन्यानं पाही. आणि काकांना जहाजावर कानी पडलेल्या चार शब्दांपलीकडे इटालियन येत नव्हतं.

त्याच दिवसांत ती एक नवं गाणं रचत होती. संध्याकाळी ओट्यावर बसून, गुडघ्यावर बोटांनी ताल धरत, ओळीला ओळ जुळवी. त्यात एक नाव पुन्हा पुन्हा येई, साल्वो. हा कोण, ते आम्हां कुणालाच ठाऊक नव्हतं.

एकदा ती गात असताना मी मोबाईल काढला. "काका, ह्याच्यात अर्थ कळतो. बघू का?"

काकांनी माझा मोबाईल हातानं खाली केला. "नको गं बाय. माझ्याशी बोलायचं ते ती सगलं बोललीय. आता ज्याच्याशी बोलते हाय, त्याच्याशी बोलू दे."

गाणं मध्येच थांबलं. काकांकडे पाहत तिनं हळूच विचारलं, "साल्वो?"

काकांनी तिचा हात हातात घेतला. "सी," ते म्हणाले. म्हणजे हो.

त्यानंतरच्या प्रत्येक संध्याकाळी ते साल्वो होऊन ऐकत बसले. ईस्टरच्या आधी ती गेली.

काळ माणसाला घेऊन जातो, एवढं मला समजतं. पण स्वतःचं नाव बाजूला ठेवून ज्यानं तिला ऐकलं, त्याच्या आठवणीत ती त्याला आता कोणत्या नावानं हाक मारत असेल, हे विचारायचं धैर्य मला अजून होत नाही.