लाल मोरांचं टोपडं

“काय करं वं सुनबाई! रेशीमले कोनी उकायस का?” शेजारच्या बेबाबाईने टोपडं हातात घेतलं आणि कपाळावर हात मारला.

प्रेमकुंवर रडकुंडीला आली. “सुईण म्हणाली, बाळाचं सगळं उकळून घ्या. मी घेतलं!”

पांढऱ्या रेशमावर भरलेल्या मोरांचा लाल रंग सगळीकडे फुटला होता. प्रेमकुंवरच्या आईने नातवासाठी भरलेलं हे एकच टोपडं, आणि आई तर दिवाळीतच गेली. उद्या बाळाचं नाव ठेवायचं होतं.

“रडू नको. वल्लं शे तोवर आशा शे.”

अडुसष्ट साल असेल. धुळ्यात त्या गल्लीत भरतकामाचा कपडा धुवायचा म्हटलं की बेबाबाईच! मलमलीला कोमट पाणी, रेशमाला गार पाण्यात रिठे, लोकरीला पाण्याचा नुसता हात. पिळायचं नाव नाही. आता टाकतात सगळं एका बादलीत, काय बोलावं! गल्लीतल्या पोरांची झबली-टोपडी तिच्याच हातून उजळायची, पण बारशाला तिला कुणी बोलावत नसे. तिची कूस उजवली नव्हती, म्हणून नवऱ्याने दुसरी आणली होती. आपण धुतलेलं टोपडं एकदा तरी पोराच्या डोक्यावर बघावं, एवढीच तिची आस. मेली ती जगाची रीत!

दुपारभर ती परातीशी बसली. रिठ्याचं पाणी लाल झालं की ओतायची, नवं घ्यायची. तान्ह्या पोराला न्हाऊ घालावं तसा टोपड्याखाली हात धरायची. मग पंच्यात दाबून पाणी टिपलं, सावलीत वाळवलं, उलट्या बाजूने हलकी इस्त्री फिरवली. मोर सुटे दिसू लागले. रेशमावर गुलाबी झाक तेवढी राहिली.

सकाळी ती मागच्या दाराशी गेली. टोपडं पाहून प्रेमकुंवरला हसू फुटलं. धावत आत जाऊन ती बाळालाच घेऊन आली.

“बेबाबाई, तुम्हीच घाला. बंद तुमच्या हातानं बांधा.”

बेबाबाईचे हात पुढे झाले. तेवढ्यात प्रेमकुंवरच्या मागे तिची सासू गुलाबबाई येऊन उभी राहिली. बाळाकडे जाणारे ते हात पाहून तिचा चेहरा उतरला. बेबाबाईने हात मागे घेतले.

“मना हात वल्ला शेतस, सुनबाई. तूच बांध.”

प्रेमकुंवरने टोपडं घातलं, हनुवटीखाली बंद बांधले. बेबाबाई उंबऱ्याबाहेर उभी राहून बघत होती, आणि कोरडे हात पदराला पुसत होती.