बाविसावा थांबा

धाकटी ऑफिसात येऊन जेमतेम आठ महिने झाले होते, आणि ताईच्या पोटात दुखायला लागूनही तेवढेच.

ऑफिस शाळेच्या बसचं. कुठली बस कुठल्या थांब्यावर आहे, हे ॲपला हवं असलं की ते सर्व्हरला विचारायचं आणि सर्व्हर उत्तर द्यायचा. हे विचारणं-सांगणं ज्या एपीआयमधून चालायचं तो पाच वर्षांपूर्वी ताईनं एकटीनं लिहिला होता. आता त्याची दुसरी आवृत्ती आली होती. कुणी लिहिली? धाकटीनं. घरी आई भाजी निवडता निवडता म्हणाली होती, "बघ, किती पटकन शिकली." ताईनं अख्खी जुडी न बघताच निवडून टाकली होती.

शुक्रवारी दुपारी बारा वाजता जुनी आवृत्ती बंद होणार होती. त्याआधी चालकांचं ॲप नव्यावर न्यायचं होतं. नाही जमलं, तर मॅडमनी सरळ सांगितलं होतं, "ते ॲपही धाकटीकडे देऊ."

म्हणजे होतं नव्हतं तेही गेलं.

धाकटीनं बदलांचं चार पानी टिपण पाठवलं होतं. ताईनं नाक मुरडून ते बंद केलं. हिनं लिहिलेलं मी वाचायचं? जिला चपलेचा डावा-उजवा मी शिकवला तिचं? शुक्रवारी सकाळी तिनं ॲप सर्व्हरला ज्या पत्त्यांवर विचारायचं त्या सगळ्यांमधला आवृत्तीचा आकडा एक काढून दोन केला, ॲप चालवलं आणि चहाला निघाली.

पेल्याला ओठ लागतात तोच फोन वाजला. सगळ्यात जुने चालक, काका.

"ताई, माझा बाविसावा थांबा कुठे गेला गं? विसाव्यानंतर सगळी सपाट जमीन दिसतेय."

ताईच्या मनात लख्ख दिवा लागला. धाकटीचं फसलं. ती पेला तसाच ठेवून मॅडमच्या टेबलाशी गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नवी आवृत्ती अर्धे थांबे गिळते."

धाकटीनं मान वर केली. "गिळत नाही, ताई. वीस-वीसचं एक पान केलंय. उत्तराच्या शेवटी पुढच्या पानाचा पत्ता येतो, तो मागायचा."

"हे कुठे सांगितलंयस?"

"टिपणात. तिसऱ्या ओळीत."

कुणीतरी खोकलं. मॅडम घड्याळाकडे बघायला लागल्या. ताईचे कान गरम झाले.

"आणि सगळे एकदम दिले असते तर काय बिघडलं असतं?" तिनं शेवटचा प्रयत्न केला.

"तूच नाही का म्हणाली होतीस, गेल्या वर्षी जेवताना? सगळी यादी एकदम पाठवली की काकांचा फोन गुदमरतो, तुकडे करायला हवेत. बाबा टीव्ही बघत होते, आई वाढत होती. मी ऐकत होते."

कल्पना आपली, आणि वाहवा हिची. ताईला आधीपेक्षाही जास्त जळजळ झाली, पण त्या जळजळीला कुठेतरी गुदगुल्याही होत होत्या, आणि हेच तिला अजिबात आवडलं नाही.

ती जागेवर बसली. पुढचा पत्ता यायचा थांबेपर्यंत एकेक पान मागत राहायचं, एवढंच लिहायचं होतं. साडेअकराला काकांचा फोन आला. "आला माझा बाविसावा. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस आले. आणि फोन पळतोय हं आज."

बाराला पाच मिनिटं असताना धाकटी खुर्ची सरकवत आली. "जुनी तू बंद करतेस? तुझी आहे ती."

ताईनं केली. पाच वर्षं एका क्लिकमध्ये गेली. धाकटी शेजारी बसून राहिली.

ती गेल्यावर ताईनं टिपण उघडलं आणि पहिल्या अक्षरापासून बारकाईनं वाचायला घेतलं. नवव्या ओळीत धाकटीनं एका पानावर तीस थांबे येतात असं लिहिलं होतं.

ताईनं निवांत चहा मागवला. मग धाकटीला निरोप लिहिला: "नवव्या ओळीत चूक आहे. वीस हवेत."